जगात जर्मनी, भारतात परभणी. पण मासा उचलायच्या जाळ्याचं काय?

धरणाच्या काठावर एक पोरगा उभा आहे. हातात कार्बनचा रॉड, रॉडच्या टोकाला रबरी बेडूक. तो बेडूक पाणवनस्पतींवरून टुणटुण उड्या मारत येतो आणि खालून भला मोठा मरळ त्याच्यावर झडप घालतो. पंधरा-वीस सेकंदांची झटापट होते. मग मासा काठावर ओढला जातो, दगडांवर आपटतो, मातीत लोळतो. पोरगा त्याला जबड्यात बोट घालून उचलतो, कॅमेऱ्यासमोर धरतो, 'कॅच अँड रिलीज भावांनो' म्हणतो आणि मासा परत पाण्यात फेकतो.

असं रील तुम्ही एकदा तरी पाहिलं असेलच. अशा रीलखाली एक कॉमेंट हमखास येते, "भाऊ, लँडिंग नेट कुठंय?"

बघायला गेलं तर साधा प्रश्न आहे. पण त्याच्या मागे गेलं की विषय इंग्लंडच्या फिशिंग क्लबांपासून जर्मनीच्या कायद्यापर्यंत आणि तिथून थेट जिंतूर तालुक्यातल्या येलदरी धरणापर्यंत येतो. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं आपण अभिमानाने म्हणतो, तर या एका बाबतीत दोन्हीकडं काय चालतं तेही बघून घेऊ.

आधी शब्द समजून घेऊ

गळाने मासे धरायचे दोन प्रकार आहेत. एकात गळाला गांडूळ, पिठाची गोळी असं खरं खाद्य लावतात. गोदावरीच्या आणि पूर्णेच्या काठावर पिढ्यानपिढ्या हेच चालत आलंय. दुसऱ्या प्रकारात खोटं आमिष असतं : धातूचा चमचा, रबरी मासा, प्लास्टिकचा बेडूक. याला ल्यूर म्हणतात. ल्यूरवर येतात ते शिकारी मासे. म्हणजे आपल्याकडं मरळ, शिवडा, वाम, शिंगाडा वगैरे.

गळाला लागलेला मासा काठापर्यंत आला की त्याला पाण्यातून वर घ्यायला जे दांड्याचं, झोळीसारखं हातजाळं असतं ते लँडिंग नेट. हे मासे पकडायचं जाळं नाही, मासा आधीच पकडला गेलेला असतो. हे फक्त उचलायचं जाळं आहे. हा फरक लक्षात ठेवा, पुढं सगळा घोळ इथंच होतो.

इंग्लंडमध्ये साडेतीन फुटांचं जाळं का लागतं?

इंग्लंडमध्ये गोड्या पाण्यात गळ टाकायचा तर परवाना लागतो आणि तिथली पर्यावरण संस्था काही नियम लावते. त्यातला एक थेट लँडिंग नेटबद्दल आहे : गाठी मारलेलं जाळं चालणार नाही आणि धातूचं जाळं चालणार नाही. मासे थोडा वेळ पाण्यातच ठेवायला जे लांब पिशवीसारखं जाळं असतं, त्यालाही मापं ठरलेली आहेत. किमान २ मीटर लांबी, आतल्या कड्यांमध्ये ४० सेंटिमीटरपेक्षा कमी अंतर आणि जाळीच्या छिद्राचा आतला घेर २५ मिलिमीटरपेक्षा जास्त नको.

गंमत अशी की लँडिंग नेट केवढं मोठं हवं, हे सरकारने सांगितलेलं नाही. ते क्लब सांगतात. मोठ्या कार्प माशांच्या तळ्यांवर बऱ्याच क्लबांचा नियम असतो की ४२ इंची जाळं पाहिजे. म्हणजे तोंडाशी जवळजवळ साडेतीन फूट. सोबत मासा ठेवायला ओली गादीही पाहिजे. नसेल तर गळ टाकायचा नाही.

इथं ल्यूरवाले वैतागतात. त्यांचं म्हणणं असं की कार्पवाला एका जागी खुर्ची टाकून दिवसभर बसतो, त्याला ४२ इंची जाळं जमतं. आम्ही दिवसात पाच-सहा किलोमीटर काठाकाठाने चालतो. पाठीवर घडी होणारं छोटं जाळं असतं. त्यात परत ल्यूरला तीन-तीन काट्यांचे गळ, ते बारीक विणीच्या जाळ्यात असे गुंततात की मासा सोडवायला पाच मिनिटं जातात. आम्हाला रबराचा मुलामा दिलेलं, मोठ्या विणीचं जाळं लागतं. तुमचं कार्पचं जाळं आमच्या माशाला उलट जास्त इजा करतं.

क्लबवाल्यांचंही चुकत नाही. तळ्यात दहा किलोचा मासा असेल आणि तुमच्याकडं दोन किलोच्या माशाचं जाळं असेल, तर तो अर्धा आत अर्धा बाहेर लटकतो, शेपटी फाटते, नाहीतर दोरा तुटून तोंडात गळ घेऊन जातो. नियम मोठ्यात मोठा मासा डोळ्यासमोर धरून केलेला असतो.

म्हणजे भांडण दिसतं मापाचं, पण खरा प्रश्न 'मासा सोडल्यावर जगणार का' हा आहे.

सोडलेला मासा मरतो कसा?

माशाच्या अंगावरचा बुळबुळीतपणा आपल्याला नकोसा वाटतो. पण तो थर म्हणजे त्याची ढाल असते. जिवाणू आणि बुरशीला तो थर आत येऊ देत नाही. कोरड्या हाताने, खरखरीत जाळ्याने किंवा तापलेल्या दगडावर घासून तो निघाला की मासा पोहत जातो, आपल्याला वाटतं वाचला. आणि चार दिवसांनी तो कुठंतरी बुरशी लागून मरतो. रीलमध्ये ते दिसत नाही.

२००३ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या ब्लूगिल नावाच्या माशावर यासंबंधीचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. गळाने पकडलेले मासे वेगवेगळ्या प्रकारच्या जाळ्यांनी उचलले, काही जाळ्याशिवाय हाताने घेतले आणि मग सात दिवस सगळ्यांवर लक्ष ठेवलं. जाळ्याशिवाय घेतलेल्यांपैकी एकही मेला नाही. जाळ्याने उचललेल्यांत जाळ्याच्या प्रकारानुसार ४ ते १४ टक्के मेले. गाठीच्या, खरखरीत जाळ्याने सगळ्यात जास्त नुकसान केलं. पर फाटले, खवले गेले, बुळबुळीत थर निघाला.

याचा अर्थ नीट बघा. जाळं वापरलं म्हणजे मासा वाचला, असं आपोआप होत नाही. लहान मासा असेल तर ओल्या हाताने, पाण्यातच गळ काढून सोडणं हे जाळ्यापेक्षा बरं. मासा मोठा असेल, काठ उंच किंवा दगडी असेल, तेव्हा जाळ्याला पर्याय नाही. आणि तेव्हा मापापेक्षा कशाचं विणलंय हे जास्त महत्त्वाचं. गाठी नकोत, रबर किंवा गुळगुळीत विण हवी.

जर्मनीत तर प्रश्नच उलटा

जर्मनीत गळ टाकायचा तर साधारणपणे आधी परीक्षा द्यावी लागते. माशांच्या जाती, बंदीचा काळ, किमान मापं, मासा कसा मारायचा, सगळं त्यात येतं. पाण्यावर जाताना लँडिंग नेट, मोजपट्टी, गळ काढायचं साधन, सुरी आणि मासा बेशुद्ध करायचा दंडुका जवळ ठेवावा लागतो. क्लबच्या परवान्यावरच तसं लिहिलेलं असतं.

दंडुका कशाला? कारण तिथल्या प्राणी-संरक्षण कायद्यानुसार योग्य कारणाशिवाय प्राण्याला वेदना देणं हा गुन्हा आहे. खायला मासा पकडणं हे योग्य कारण. पण नुसता फोटो काढून सोडून द्यायला पकडणं? त्यावर तिथं खटले झालेत. म्हणजे जे आपल्या रीलमध्ये पुण्यकर्म म्हणून मिरवलं जातं, तेच तिथं अडचणीत आणू शकतं. छोटा किंवा बंदीच्या काळातला मासा चुकून लागला, तर तो मात्र सोडावाच लागतो. जाळं त्यासाठी.

थोडक्यात, इंग्लंडच्या क्लबांचा सूर 'सोडायचाय म्हणून नीट उचल' असा, तर जर्मनीचा 'खायचा असेल तरच पकड, आणि चुकीचा लागला तर नीट सोड' असा. दोन्हीकडं जाळं आहे, पण त्यामागचा विचार वेगळा.

मग परभणीचा विचार काय?

परभणीचं पाणी कुणाचं?

परभणी म्हटलं की दुष्काळ आठवतो. पण जिल्ह्यात पाणी बरंच आहे. जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरी धरण आहे. १९६०च्या दशकात ते पूर्ण झालं, वीजही तयार होते आणि परभणी शहराला प्यायचं पाणीही तिथूनच. सेलूकडं निम्न दुधना प्रकल्प, गंगाखेड तालुक्यात मासोळी, जिंतूरकडं करपरा. गोदावरीवर ढालेगाव, मुदगल, डिग्रस असे बंधारे. येलदरीच्या खालचं सिद्धेश्वर धरण १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यातच होतं. त्या वर्षी १ मे रोजी हिंगोली वेगळा झाला आणि ते तिकडं गेलं.

या पाण्यातला मासा 'निसर्गाचा' आहे असं बहुतेकांना वाटतं. इथंच गफलत होते. कटला, रोहू, मृगळ हे मासे पावसाळ्यात वाहत्या पाण्यात अंडी देतात, धरणाच्या साचलेल्या पाण्यात त्यांची वीण नीट होत नाही. म्हणून दरवर्षी मत्स्यबीज आणून सोडावं लागतं. आधी जिरे, मग अर्धबोटुकली, मग बोटुकली अशी वाढलेली पिल्लं. ते विकत घ्यावं लागतं. धरणातल्या मासेमारीचा ठेका मत्स्यव्यवसाय विभाग देतो आणि बहुतेक ठिकाणी तो मच्छीमार सहकारी संस्थांकडं असतो. भोई, कहार, कोळी समाजातली कुटुंबं या संस्थांची सभासद आहेत.

म्हणजे येलदरीतला कटला हा एका अर्थी पेरलेलं पीक आहे. पेरणीचे पैसे कुणीतरी दिलेत. ठेक्याच्या पाण्यात परवानगी न घेता गळ टाकणं म्हणजे दुसऱ्याच्या वावरात शिरून हुरडा खाणं. खाऊन सोडला काय आणि चाखून सोडला काय, विचारलं पाहिजेच.

एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. शेतकऱ्यासारखं कर्ज, शेतीच्या दराने वीज अशा सवलतींची दारं त्यामुळं उघडली. मासा पीक असेल तर त्याच्या राखणीचा प्रश्नही शेतीसारखाच धरावा लागेल.

खरं जाळं वेगळंच आहे : आस

आता त्या जाळ्याकडं येऊ ज्याच्यामुळं धरणातला मासा खरोखर संपतो. हातजाळं नव्हे, पाण्यात लावायचं जाळं.

जाळ्यातल्या एका चौकटीला मच्छीमार 'आस' म्हणतात. आस ओढून ताणायचा आणि समोरासमोरच्या दोन गाठींमधलं अंतर मोजायचं, ते त्याचं माप. कल्ल्यात अडकणाऱ्या जाळ्याचा हिशोब सरळ असतो. आसापेक्षा बारीक मासा पलीकडं निघून जातो, फार जाडा मासा डोकंच घालू शकत नाही, मधला अडकतो. म्हणजे आस किती मोठा हे ठरवलं की किती मोठा मासा धरायचा हे ठरलं.

आस बारीक केला की बोटुकलीतून नुकतंच वर आलेलं पिल्लूही अडकतं. याचं नुकसान साध्या हिशोबात बघा. समजा १०० ग्रॅमची कटल्याची दहा पिल्लं जाळ्यात आली. झाला १ किलो मासा, तोही 'बारीक' म्हणून कमी भावाचा. तीच दहा पिल्लं वर्षभर पाण्यात राहिली, त्यातली निम्मी मेली असं धरलं आणि उरलेली पाच एकेक किलोची झाली, तरी ५ किलो मासा, तोही चांगल्या भावाचा. पाचपट फरक. आज एक किलो खाल्लं आणि उद्याचे पाच गेले.

मग मच्छीमार बारीक जाळं का लावतो? अडाणी आहे म्हणून? अजिबात नाही. त्याची तीन कारणं आहेत.

एक, आपण सोडून दिलेलं पिल्लू उद्या दुसरा धरणार ही खात्री. धरण मोठं, काठ लांब, चोरून जाळं टाकणारे बाहेरचे लोक वेगळेच. वाट बघणारा येडा ठरतो.

दोन, चिलापी. हा परका मासा धरणात भराभर वाढतो, लहानपणीच अंडी द्यायला लागतो आणि त्याचा आकार मोठा होत नाही. जिथं चिलापीच जास्त, तिथं मोठ्या आसाचं जाळं रिकामं येतं. शिवाय गावात गरिबाच्या ताटात जाते ती बारीक मासळीच.

तीन, आजची चूल. ठेक्याची रक्कम, बीजाचे पैसे, जाळ्याची उधारी. वर्षभराने पाचपट मिळेल हे ज्याला कळतं, त्यालाही आज संध्याकाळी दोनशे रुपये लागतातच.

म्हणून 'बारीक जाळ्यावर बंदी घाला' हे कॉमेंटमध्ये लिहायला सोपं आहे, काठावर पाळायला नाही.

कायदा काय म्हणतो?

इंग्रजांनी १८९७ मध्ये भारतीय मत्स्यव्यवसाय कायदा केला. सुरुंग लावून किंवा पाण्यात विष कालवून मासे मारणं गुन्हा ठरवलं. शिक्षा होती दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड. त्याच कायद्याने प्रांतांना नियम करायचा अधिकार दिला आणि त्यात स्पष्ट लिहिलं की जाळी कुठल्या मापाची, कुठल्या प्रकारची आणि ती कशी वापरायची हे सरकार ठरवू शकतं. म्हणजे आसाचा नियम ही काही आजची टूम नाही, सव्वाशे वर्षं झाली.

पण परभणीची गोष्ट वेगळी. परभणी तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती, इंग्रजांचा कायदा इथं नव्हताच. स्वातंत्र्यानंतरही त्या कायद्याच्या व्याप्तीतून 'ब' वर्गातली राज्यं वगळलेली राहिली आणि हैदराबाद 'ब' वर्गात होतं. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि त्यानंतर राज्याचा स्वतःचा महाराष्ट्र मत्स्यव्यवसाय अधिनियम, १९६० आला.

समुद्रावर राज्याने पुढं बरेच बारीक नियम केले. पर्ससीन जाळ्याचा आस २५ मिलिमीटरपेक्षा कमी नको, ट्रॉलच्या शेवटच्या पिशवीला ४० मिलिमीटरचा चौकोनी आस हवा. आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये एक महत्त्वाचं पाऊल पडलं. समुद्रातल्या ५४ जातींच्या माशांचं किमान कायदेशीर माप ठरलं. उदाहरणार्थ पापलेट १३५ मिलिमीटरपेक्षा लहान असेल तर धरायचं नाही. केरळने हा प्रयोग २०१५ मध्ये सगळ्यात आधी केला होता.

यातला बदल बघा. जाळ्याच्या मापावरून सरकार माशाच्या मापावर आलं. जाळं मोजायला समुद्रात बोट घेऊन जावं लागतं. मासा बाजारात कुठंही पट्टी लावून मोजता येतो. परभणीसाठी हा धडा फार कामाचा आहे, त्याकडं शेवटी येऊ.

आणि लँडिंग नेट? आसाचे हे सगळे नियम मासे 'पकडायच्या' जाळ्यासाठी आहेत. उचलायच्या हातजाळ्याचे नियम जगात बहुतेक ठिकाणी क्लब किंवा परवाना देणारी संस्था करते. आपल्याकडं मुंबईत पवई तलावावर महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशनसारखी जुनी संस्था आहे. लोणावळ्याच्या वळवणला टाटा पॉवरने पाच दशकं महसीरचं बीज तयार करून सोडलंय. तिथं गळ हा छंद आहे आणि छंदाला शिस्त लावणारं कुणीतरी आहे. परभणीत छंद मोबाइलवरून आला, शिस्त लावणारा क्लब मागे राहिला.

रीलवाल्यांची खरी चूक जाळ्याची नाही, वेळेची

आता एक गोष्ट जी लँडिंग नेटपेक्षा कितीतरी मोठी आहे.

मरळ हा पिल्लं सांभाळणारा मासा आहे. पावसाळ्याच्या आसपास काठच्या उथळ, पाणवनस्पती असलेल्या जागेत जोडी अंडी देते. पिल्लं बाहेर पडली की शेकड्यांनी एकत्र फिरतात. वरून बघितलं तर पाण्यात लालसर-नारिंगी झुबका हलताना दिसतो. त्याच्या खाली आई-बाप पहारा देत असतात. जवळ येईल त्याच्यावर तुटून पडतात.

ल्यूरवाल्याला हे चांगलं ठाऊक असतं. लाल झुबका दिसला की त्याच्यावरून रबरी बेडूक ओढायचा, खालून मरळ हमखास उसळतो. भूक लागली म्हणून नाही, लेकरं वाचवायला.

मग त्याला वर काढायचं, गळ सोडवायचा, वजन करायचं, तीन अँगलने फोटो, एक स्लो मोशन. मरळ हवेतून श्वास घेऊ शकतो म्हणून तो पाण्याबाहेर तग धरतो. पण ज्याची राखण चालली होती त्या पिल्लांना तोवर बाकीचे मासे फस्त करून टाकतात. मासा 'रिलीज' झाला, संसार गेला. इथं ४२ इंची रबरी जाळंसुद्धा काही कामाचं नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सगळंच सोडणं शहाणपणाचं नसतं. थाई मांगूरवर केंद्राने २०००मध्येच बंदी घातली, कारण तो स्थानिक मासे खाऊन टाकतो. तो गळाला लागला तर परत सोडणं म्हणजे शेतात गाजरगवत पेरणं. चिलापी सोडूनही धरणाचं काही भलं होत नाही, घरी न्या आणि कालवण करा.

मग परभणीचा नियम कसा असावा?

इंग्लंडचा ४२ इंचांचा नियम उचलून येलदरीला लावणं म्हणजे परभणीच्या उन्हात लोकरीची कोपरी घालणं. इथले मासे, काठ आणि लोक वेगळे आहेत. पण त्यामागचा विचार घेता येतो.

पहिलं, परवानगी. ठेका ज्या संस्थेचा, तिची चिठ्ठी घेतल्याशिवाय गळ टाकायचा नाही. दिवसाचं थोडं शुल्क घ्या. ते पैसे बीजाला जाऊ द्या. आज रीलवाला आणि मच्छीमार एकमेकांकडं संशयाने बघतात. शुल्क सुरू झालं तर काठावर फिरणारा छंदी माणूस संस्थेचा फुकटचा राखणदार होतो. चोरून लावलेलं बारीक जाळं आधी त्यालाच दिसतं.

दुसरं, हातजाळं मापापेक्षा प्रकाराने ठरवा. गाठी नसलेलं, रबरी किंवा गुळगुळीत. माप एवढंच की त्या पाण्यात मिळणारा मोठ्यात मोठा मासा वाकडा न होता पूर्ण मावला पाहिजे. हात आधी ओले करायचे. तीन काट्यांच्या गळाऐवजी एक काटा, तोही मागच्या दात्याशिवायचा. मग गळ काढायला वेळ लागत नाही.

तिसरं, लाल झुबक्यावर ल्यूर टाकायचा नाही. हा नियम कागदावर यायची वाट बघायची गरज नाही, आज संध्याकाळपासून पाळता येतो. रील बनवणाऱ्यांनी एकमेकांना कॉमेंटमध्ये हे विचारायला सुरुवात केली तर 'लँडिंग नेट कुठंय' पेक्षा जास्त फरक पडेल.

चौथं आणि सगळ्यात मोठं, बाजारातली पट्टी. धरणावर प्रत्येकाचं जाळं तपासणं कुणालाच शक्य नाही. पण समुद्रासाठी जसं माशाचं किमान माप ठरलं तसं धरणातल्या कटला, रोहू, मृगळ यांच्यासाठी ठरलं आणि संस्थेने आपल्याच काट्यावर त्याहून बारीक मासा घेतलाच नाही, तर बारीक आसाच्या जाळ्याला गिऱ्हाईक उरत नाही. चिलापी आणि बारीक मासळीला मोकळीक ठेवता येते, कारण माप जातीनुसार असतं. जाळ्यावर सरसकट बंदी घातली तर गरिबाची मासळीही जाते. माशाचं माप ठरवलं तर फक्त पिकाचं पिल्लू वाचतं.

अर्थात फुकटात हेही होणार नाही. पहिल्या वर्षी, मासा वाढायची वाट बघायच्या काळात, सभासदांच्या हातात कमी पैसा येईल. कृषीचा दर्जा मिळालाय तर पीककर्जासारखा आधार नेमका त्या काळात लागेल. तो नसेल तर नियम पहिल्याच उन्हाळ्यात मोडेल, आणि मोडणाऱ्याला दोष देता येणार नाही.

तर विषय असा आहे

लँडिंग नेट हा छोटा प्रश्न आहे, पण चुकीचा नाही. जो माणूस विचारतो की मासा उचलायचं जाळं कुठंय, तो मासा जगावा असं म्हणतोय. त्याला फक्त एक पाऊल पुढं जावं लागेल. एका मरळाच्या अंगावरचा बुळबुळीत थर वाचवायला आपण रबरी जाळं घेत असू, तर त्याच पाण्यात बारीक आसात अडकून मरणाऱ्या हजारो बोटुकल्यांचाही विचार करावा लागेल, आणि ज्याने पदरचे पैसे घालून त्या सोडल्या त्याचाही.

जर्मनीत परीक्षा पास झाल्याशिवाय गळ हातात मिळत नाही. परभणीत एवढं करायची गरज नाही. काठावर जाण्याआधी गावातल्या मच्छीमार संस्थेच्या माणसाला गाठा आणि "काका, टाकू का गळ?" एवढं विचारा. कुठल्या बाजूला पिल्लं आहेत, कुठं जाऊ नको आणि मोठा शिवडा कुठं बसतो, हे त्यांच्याइतकं कुठल्याच यूट्यूबवाल्याला माहीत नसतं.